सीताफळीचा पाला

माकणीच्या शिवप्रिया बिराजदारला दोन नावं होती. घरात ती शिवू, आणि गेल्या बसवजयंतीपासून उरलेल्या गावाला 'कॅन्सरवाली'. कुणी वाईट मनानं ठेवलेलं नाव नव्हतं ते. कौतुकाचंच होतं. पण कौतुकाचं नावही एकदा चिकटलं की निघत नाही. ती एसटीतून उतरून घराकडे चालू लागली की बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, ही बघ आपली कॅन्सरवाली, आणि नव्यानं गावात आलेली एखादी सून 'इतक्या तरण्या वयात' म्हणून हळहळायची.

ती धाराशिवच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी पडली तर राम राम. उरलेल्या वेळात पीएचडी. चौथं वर्ष चालू होतं. तिशी ओलांडली होती आणि लग्नाचं बोलणं घरात आता कुणी काढत नव्हतं, हा तिला पीएचडीचा आतापर्यंत झालेला एकमेव फायदा वाटायचा.

तिचं काम सांगायला सोपं होतं. आपल्या अंगातली प्रत्येक पेशी मरायचं कसं हे शिकूनच जन्माला येते. म्हातारी झाली, बिघडली, की ती गुपचूप आवरतं घेते. आक्रसते, आतल्या आत तुकडे पाडते, आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून जागा साफ करतात. कुणाला पत्ता लागत नाही. कॅन्सरची पेशी नेमका हाच एक धडा विसरते. मरायचंच विसरल्यावर ती दुसरं काय करणार, वाढत राहते. चांगलं औषध तिला ठेचून मारत नाही, विसरलेला धडा आठवून देतं आणि मग ती आपल्या हातानं मरते. कोणतं औषध पेशीच्या आतल्या कोणत्या कडीला हात घालतं, हे शोधणारी माणसं जगात हजारोंनी आहेत. शिवप्रिया त्यातलीच एक. फरक इतकाच की तिच्याकडे लाईट गेली की उबवणीचं कपाट थंड व्हायच्या आत जनरेटर चालू करायला तिलाच पळावं लागे.

त्या कपाटात ती पेशी पाळायची. पाळायची हाच शब्द बरोबर आहे. दिवसाआड त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं, ऊब सांभाळायची, गर्दी झाली की वेगळ्या ताटलीत काढायचं. एका दिवसाची हयगय झाली तर महिन्याचं काम मातीत. पुण्याहून बर्फातून आलेल्या त्या पेशी मूळच्या होत्या एका परदेशी बाईच्या. ती बाई जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण तिच्या छातीतल्या रोगाच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढतायत. हे तिनं एकदा आईला सांगितलं होतं. नीलम्मानं हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि विचारलं, त्या बाईला नीट माती दिली की नाही. दिली असेल म्हटल्यावर तिचं समाधान झालं नाही. मग अजून कशी जगती म्हणाली.

औषध म्हणून शिवप्रियानं घेतला होता सीताफळीचा पाला. त्याचा अर्क काढायचा, थेंबाथेंबानं पेशींवर घालायचा आणि बघत बसायचं. पहिल्यांदा त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली आक्रसल्या, अंगावर बुडबुडे आल्यासारख्या फुगल्या आणि तुटल्या, तेव्हा तिला रडू आलं होतं. आनंदानं. दुसऱ्या वर्षी नुसतं बरं वाटायचं. चौथ्या वर्षी ती एका हातानं चहाचा कप धरून दुसऱ्या हातानं मेलेल्या पेशी मोजायची. रोज मरणच मोजत बसलं की मरणाचं काही वाटेनासं होतं, यात नवल नाही. ही बधिरता प्रयोगशाळेच्या दाराबाहेर आपल्याबरोबर येत नाही, असं मात्र तिला उगाच वाटत होतं.

त्या वर्षी माघात नीलम्माच्या छातीत गाठ सापडली. बार्शीला ऑपरेशन झालं. मग सलाइनमधून औषध चढवायचं ठरलं, ठरावीक दिवसांनी एकदा, दिवाळीच्या अलीकडे संपेल असं. पहिल्या खेपेला शिवप्रिया बरोबर जाणार होती. पण त्याच दिवशी ताटल्या बदलायच्या होत्या, आणि वडील शिवलिंगप्पा म्हणाले, आमी हाव की, तू तुझं बघ. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. तिसऱ्या खेपेला कुणी तिला विचारलं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. माकणीहून बार्शीला जायचं तर धाराशिवच्या स्टँडवर गाडी बदलावी लागते. नवराबायको तिथं उतरायची, रिक्षानं तिच्या खोलीवर यायची, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा द्यायची आणि पुढच्या गाडीला निघायची. तेवढ्या भेटीत तिला आईची हालहवाल विचारून व्हायची. तिसऱ्या खेपेपर्यंत नीलम्माचे केस पार गेले होते आणि ती पदर कपाळापर्यंत ओढून बसायला लागली होती.

अशात शिवप्रियाच्या कामाला संभाजीनगरच्या एका परिषदेत बक्षीस मिळालं. बक्षीस काम मांडून भिंतीवर लावलेल्या तक्त्याला होतं, औषधाला नव्हतं. पण पेपरात बातमी आली ती 'धाराशिवच्या कन्येने शोधले कर्करोगावर औषध' अशी, फोटोसकट. आणि बातमी गावात पोचल्यावर आण्णासाहेब काय गप्प बसणार. आण्णासाहेब म्हणजे तिचे चुलते, गावचे माजी सरपंच. सत्कार करायला माणूस सापडला नाही तर त्यांना जेवण जात नाही. बसवजयंतीच्या मिरवणुकीनंतर मठासमोर मांडव पडला. शाल, श्रीफळ, फेटा, भंडाऱ्यासारखी उधळलेली फुलं. आपल्याकडे माणूस शहाणा निघाला की आधी त्याच्या तोंडात पेढा कोंबतात, बोलू कुठून देणार. तरी शिवप्रिया माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, हे औषध नाही, हे अजून काचेच्या ताटलीत आहे, माणसावर याचं काहीच माहीत नाही. आण्णासाहेबांनी हसत माइक आपल्याकडे ओढला. विद्या विनयेन शोभते, म्हणाले, पोरगी किती नम्र बघा. टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला, पुढच्याच सतरंजीवर, नीलम्मा पदराआडून लेकीकडे बघत होती.

त्यानंतर शिवप्रिया जितकं नाही म्हणायची तितकं लोकांना ते व्हय वाटायचं. खोलीवर माणसं येऊ लागली, नातेवाइकांच्या फाइली घेऊन. ती सगळ्यांना दवाखान्यात जा म्हणून सांगायची. लोक मान डोलवायचे आणि जाताना विचारायचे, पाला कोवळा घ्यायचा का जून. शेवटी शेवटी ती दार उघडेनाशी झाली. पुढे आषाढात तिनं तोच अर्क निरोगी पेशींवर घालून पाहिला. त्याही तशाच आक्रसल्या आणि तशाच तुटल्या, त्याच मात्रेला. पाला रोग ओळखत नव्हता, सगळ्यांनाच मारत होता. पीएचडीच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, प्रबंधात लिहू, हेही एक उत्तरच आहे. तिनं आकडे लिहून घेतले आणि कॅन्टीनमध्ये जाऊन उपमा खाल्ला. चार वर्षांच्या कामावर पाणी पडलं आहे आणि आपल्याला भूक लागली आहे, हे तिला त्या वेळी जरा विचित्र वाटलं, एवढंच.

पंचमीला ती घरी गेली. लेकीबाळींचा सण, न्हाणंधुणं, अंगणात लिंबाला झोका. नीलम्मा न्हाऊन आली आणि पाटावर बसून म्हणाली, ये गं, तेल घाल. शिवप्रियानं तेलाची वाटी घेतली, आईच्या डोक्यावरचा पदर मागे सारला आणि हात तसाच वर राहिला.

केस आले होते. काळे, मऊ, बोटाच्या पेरापेक्षा जास्त. सगळ्या डोक्यावर सारखे.

सलाइन चालू असताना केस येत नाहीत. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. वेगानं वाढणारी प्रत्येक पेशी ते औषध मारतं, रोगाची आणि केसांच्या मुळातलीही. केस इतके आलेत याचा अर्थ औषध बंद होऊन तीन महिने तरी झाले. बसवजयंतीपासून. तिचं डोकं हा हिशेब शांतपणे करत होतं आणि तिचा हात आईच्या डोक्यावर तेल चोळत होता.

"बघितलंस?" नीलम्मा म्हणाली. तिचा आवाज सुखानं भरला होता. "सलाइननं गेलते. तुझ्या पाल्यानं आले."

मग सगळं बाहेर आलं, आणि तेही चोरी सापडल्यासारखं नाही, गोड बातमी सांगावी तसं. सत्काराच्या दुसऱ्या दिवसापासून नीलम्मा बांधावरच्या सीताफळीचा पाला आणून उकळून पीत होती, सकाळी आणि दिवेलागणीला. सलाइननं तोंड यायचं, अन्नावरची वासना जायची, बोटं बधिर व्हायची. घरात लेकीचं औषध असताना बार्शीला जाऊन हे का भोगायचं. शिवलिंगप्पांनी आधी नको म्हटलं, मग तिचं खाणं सुधारलेलं पाहून गप्प बसले. दोघं ठरल्या दिवशी गाडीत बसायची, धाराशिवला उतरून लेकीला डबा द्यायची, आणि बार्शीच्या गाडीला न बसता स्टँडवरच्या बाकावर सावलीला बसून राहायची. मग परतीच्या गाडीनं माकणी. शिवप्रियाला फोनवर सांगायचं, झालं सलाइन.

तिनं विचारलं, मला का सांगितलं नाहीस. नीलम्मानं तिची समजूतच काढली. "तुला कालिजाचा कायदा आडवा येतो. सरकारची परवानगी येस्तोवर तुला व्हय म्हणता येत न्हाय, हे का मला कळत न्हाय? म्हणून तुला कोड्यात टाकलं न्हाय."

शिवप्रियाला रागावता आलं नाही. रडताही आलं नाही. तिनं विचारलं ते एवढंच, पाला किती घेत होतीस, पाणी किती. नीलम्माचा चेहरा उजळला. पोरगी अखेर औषधाचं बोलायला लागली होती. ओंजळभर, ती म्हणाली, आणि तांब्याभर पाणी अर्ध्यावर आणून. हे ऐकताना शिवप्रियाच्या लक्षात आलं की आपल्या आईच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसतोय. तिनं वाटी खाली ठेवली आणि हात धुतले. बाहेर झोक्यावर शेजारच्या पोरी गाणी म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती आईला धाराशिवला घेऊन गेली आणि सरळ प्रयोगशाळेत नेलं. बोलून पटत नाही तर दाखवू, असा तिचा हिशेब. शिकलेल्या माणसाला वाटतं की समोरच्याला डोळ्यानं दाखवलं की काम झालं. तिनं एक ताटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ही रोगाची पेशी, पाला घातलेली. नीलम्मानं एक डोळा मिटून पाहिलं. मरतेत की, म्हणाली. मग दुसरी ताटली ठेवली. ही चांगली पेशी, पाला घातलेली. ह्याबी मरतेत, नीलम्मा म्हणाली. तिला दोन्हींत फरक दिसला नाही, आणि फरक नव्हताच. शिवप्रियाला तेच तर दाखवायचं होतं.

"अव्वा, सोयाबीनमधी चुकीचं तणनाशक मारलं तर काय हुतंय?"

"पीक जळतंय."

"मग हे तसलं हाय. तणबी जळतंय अन् पीकबी."

नीलम्मानं मान हलवली. तिला कळलं होतं, पूर्ण कळलं होतं. तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "मग तू बरूबरचं शोधशील की," म्हणाली. "येवढं शोधलंस." जाताना तिनं उबवणीच्या कपाटाला हात जोडले.

इथं कुणाला हसू येईल. शिवप्रियाला आलं नाही. आपण नाही म्हणावं आणि आईनं त्यातून लेकीचं मोठेपण काढावं, याच्यापुढे कोणतंच उत्तर चालत नव्हतं. परक्या माणसाचा पाला नीलम्मानं तोंडाला लावला नसता. ती अंगारेधुपारे मानणारी बाई नव्हती, देवऋष्याला तिनं एकदा दारातून हाकललं होतं. तिचा विश्वास पाल्यावर नव्हता, लेकीवर होता. बार्शीला जायचं म्हटल्यावर ती लगेच तयार झाली, कारण लेक म्हणत होती. एवढंच म्हणाली, सलाइनबी घिऊ अन् पालाबी. पाला बंद, असं शिवप्रियानं बजावलं. बरं, म्हणाली. तू म्हणतीस तर मधी थोडं दिवस थांबवू.

बार्शीला या वेळी तिघं गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई शिवप्रियाच्याच वयाच्या होत्या. त्यांनी नीलम्माला बाहेर बसवलं आणि फोटो उजेडाला धरून या दोघांना सांगितलं, रोग लिव्हरमध्ये गेलाय, बराच पसरलाय. मधले महिने हातचे गेले. आता जोराचं औषध लिव्हर पेलणार नाही. गोळ्या देते, दुखणं कमी ठेवू, जितकं होईल तितकं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं शिवप्रियाला वाटलं. तिनं विचारलं, लिव्हर पाल्यानं बिघडलं का रोगानं. बाई म्हणाल्या, आता ते सांगता येणार नाही आणि सांगून उपयोगही नाही.

व्हरांड्यात शिवलिंगप्पा भिंतीला टेकून उभे राहिले. आयुष्यात कुणापुढे आवाज न चढवलेला माणूस. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि लेकीचा दंड धरला. "तिला सांगायचं न्हाय," म्हणाले. "कायबी हू दे."

आपल्याकडची रीतच आहे ती. आजाऱ्याला सोडून साऱ्या आळीला आजार माहीत असतो. शेजाऱ्यांना सांगतात, पाहुण्यांना सांगतात, दूधवाल्यालाही कळतं, आणि ज्याचं मरण त्याच्यापुढे सगळे हसून म्हणतात, चेहऱ्यावर टवटवी आली हो. यात माया असते, हे खरं. पण भित्रेपणाही असतो, आणि दोन्ही एकमेकांत इतके मिसळलेले असतात की वेगळे काढता येत नाहीत. शिवप्रियानं मान डोलावली. बाहेर येऊन तिनं आईला सांगितलं, सुधारणा आहे, आता सलाइन नको, गोळ्यांवर भागेल. येडशीच्या घाटात नीलम्माला उलटी झाली. तोंड पुसून ती म्हणाली, बघ, मी सांगत होते, सलाइनची गरजच नव्हती.

शिवप्रिया कॉलेजातून रजा घेऊन माकणीला येऊन राहिली. तास बुडाले, मानधन बुडालं. ताटल्यांचं पाणी बदलायला तिनं कुणाला सांगितलं नाही. सरांचा फोन आला की कपाटातल्या पेशी मेल्यात, टाकून देऊ का. टाका, म्हणाली. इतक्या वर्षांच्या त्या बाईच्या पेशी, ज्यांच्यासाठी तिनं सणवार सोडले, आईबरोबर बार्शीला गेली नाही. त्या गेल्या आणि तिला काहीसुद्धा वाटलं नाही. आपल्याला काहीच वाटत नाही, याची भीती मात्र तिला वाटली. सकाळी आईला गोळ्या द्यायच्या, अंग पुसायचं, पातळ पेज करायची. दुपारी येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा. हे सगळं ती नीट करत होती, आणि बाया म्हणायच्या, पोरगी किती धीराची. धीर कसला, तिच्या आतून काही उत्तरच येत नव्हतं.

दसरा जवळ आला. सोयाबीनची मळणी सुरू झाली. नीलम्मा पडवीत बाजेवर असायची, पोट फुगलेलं, हातपाय काटक्या. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती पदर सारून केस दाखवायची. आता ते कानापर्यंत आले होते.

अशा एका दुपारी प्रेमाबाई आली. पलीकडच्या गल्लीतली, एकटी राहणारी विधवा, नीलम्माची माहेरापासूनची मैत्रीण. शिवप्रियाला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं. बरोबर आणखी दोघी बाया होत्या. पाणी झालं, चहा झाला. प्रेमाबाईनं चहाची बशी खाली ठेवली आणि हळूच सांगितलं की तिलाही गाठ निघालीय, छातीतच. बार्शीला दाखवलं, लवकर आलात म्हणाले, ऑपरेशन आणि सलाइन घेतलं तर बरं होईल म्हणाले. तारीख येऊन गेली. ती गेली नाही. नीलम्माच्या बांधावरचा पाला तिनं दोनदा नेला होता.

"नीलम्मा, तू सांगशील तसं करते," ती म्हणाली. "बार्शीला जाऊ का पालाच पिऊ?"

नीलम्मानं पदर सारला. हातात तेवढी शक्ती नव्हती म्हणून शिवप्रियानंच तो सारायला मदत केली, रोजच्या सवयीनं. "बघ की," नीलम्मा म्हणाली. "सलाइननं पार गेलते. पाल्यानं आले. मला आता नुसत्या गोळ्या हायत, ताकदीच्या. घरचं औषध सोडून तू कशाला जातीस तिकडं."

दोघी बायांनी माना डोलावल्या. प्रेमाबाईचा चेहरा सैल पडला. जिला जायचंच नव्हतं तिला परवानगी मिळाली होती. ती उठायच्या बेताला आली.

शिवप्रिया तिथंच उभी होती. तिनं वडलांकडे पाहिलं. शिवलिंगप्पा उंबऱ्यापाशी सोयाबीनच्या पोत्याचं तोंड शिवत बसले होते. त्यांचा दाभण थांबला आणि त्यांनी मान कुणाच्या लक्षात येणार नाही अशी दोनदा हलवली. नको. तिला कळलं. दुसरं कुणी बोलेल का, याची ती थोडा वेळ वाट पाहत राहिली. प्रेमाबाईला बाहेर गाठून सांगता आलं असतं. पण बाहेर गाठून सांगितलेलं कुणी कधी मानलं होतं. लोकांनी तिचं नाही आतापर्यंत नम्रतेत जमा केलं होतं, आणि घरात बसलेली ही केस आलेली बाई तिच्या प्रत्येक नाहीपेक्षा मोठा पुरावा होती. तो पुरावा मोडायचा तर इथंच मोडायला हवा होता, या बाजेसमोर.

"मावशी, पाल्यानं काय हुत न्हाय," ती म्हणाली. परिषदेत आकडे सांगताना लागायचा तसा तिचा आवाज लागला, सपाट. "केस आले ते सलाइन बंद केलं म्हणून आले. पाल्यानं न्हाय. सलाइन बंद केलं म्हणून अव्वाचं दुखणं लिव्हरमधी गेलं. ते आता बरं हुणार न्हाय. अव्वा जगायची न्हाय, मावशी."

शेजारच्या रानात मळणीयंत्र चालू होतं, त्याचा आवाज येत राहिला. दोघी बायांतली एक तोंडाला पदर लावून बसली. शिवप्रियाला वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. काही झालं नाही.

नीलम्मा लेकीकडे बघत नव्हती. तिनं मान वळवली आणि नवऱ्याला विचारलं, "व्हय का ओ?"

शिवलिंगप्पांनी दाभण पोत्यात खुपसला. ते सुतळी ओढत राहिले, आणि ती ओढायचं काही कारण नसताना ओढत राहिले, हे सगळ्यांना दिसलं.

नीलम्मानं डोळे मिटले. मग पदर चाचपडून शोधला आणि स्वतःच, दोन्ही हातांनी, हळूहळू डोक्यावरून ओढून घेतला. केस झाकले गेले.

"ऐकलंस न्हवं?" ती प्रेमाबाईला म्हणाली. "उद्या बार्शीला जा."

प्रेमाबाई रडायला लागली होती. आपल्यासाठी का नीलम्मासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एकलीनं कसं जाऊ, ती म्हणाली, तिथलं मला काय कळतंय.

"एकली कशाला," नीलम्मा म्हणाली. आता ती लेकीकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तो असता तर शिवप्रियाला धरायला काहीतरी मिळालं असतं. "ही यील. माझ्या सलाइनला एकदाबी आली न्हाय. तुझ्या समद्या सलाइनला यील."

शिवप्रिया व्हय म्हणाली आणि रिकाम्या बशा उचलायला वाकली.